स्टार ट्रेकचा मराठी संदर्भ-प्रोग्राम : 'स्पॉक' शोधला की 'सोपे की' सापडतंय (मदत हवी)

लाल सदरा

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो, पण एका ठिकाणी असा काही अडकलोय की धागा काढण्यावाचून इलाज नाही.

गेली सात वर्षं, म्हणजे रोज नाही, गणपती-दिवाळीत सुट्टी मिळेल तसं आणि एरवी झोप येत नाही तेव्हा, मी स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेचा एक संदर्भ-प्रोग्राम लिहितोय. वेबसाइट नाही, फोनवरचं ॲपही नाही. जुन्या लॅपटॉपवर नेटशिवाय चालेल असा साधा प्रोग्राम, पायथनमध्ये, डेटा सगळा एका एसक्यूलाइट फाइलीत. डावीकडे यादी, उजवीकडे नोंद, वर शोधायची पट्टी. पात्र, ग्रह, जहाज, यंत्र, एपिसोड काहीही टाका, माहिती मराठीत येते. १९६६ ते ६९ची मूळ मालिका पूर्ण झालीय, ७९ च्या ७९ एपिसोड. नंतरच्या नेक्स्ट जनरेशन मालिकेचे चार सीझन झालेत. तिच्याही पुढच्या डीप स्पेस नाइनला हात लावलेला नाही कारण ते बघायला बसलो की नोंदी करायच्या राहूनच जातात.

हे खूळ मामामुळे लागलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, आठवतंय त्यांनी हात वर करा. मामा तेव्हा मिरजेत कॉलेजात. घरी टीव्ही नव्हता, समोरच्या डॉक्टरांकडे जाऊन बघायचा आणि घरी आला की लगेच दोनशेपानी वहीत लिहून काढायचा. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं त्यामुळे नावं कानाला लागली तशी, क्लिंगॉनचं 'किंगऑन', डॉक्टर मकॉयचं 'डॉ. मकाई'. एपिसोडची नावं तर त्याने स्वतःच पाडलीत. एक नोंद जशीच्या तशी देतो:

"दगड खाणारा प्राणी. खाणीतली माणसं मारतो. वाईट नाही. आई आहे."

'द डेव्हिल इन द डार्क' बघितलेल्यांना लगेच कळेल. मी त्या एपिसोडवर दीड पान लिहिलं होतं, ते पुसून टाकलं आणि मामाचं घातलं. ट्रिबलवाल्या एपिसोडला "केसाळ लाडू. एकाचे हजार. धान्य फस्त." आणि एका पानावर एवढंच: "शंकूसारखं यंत्र, ग्रह खात सुटलंय. कर्क मोडक्या जहाजातून त्याच्या तोंडात चाललाय. लाईट गेली."

आता मुद्द्याचं. पहिल्या आवृत्तीत मी एक घोडचूक केली होती, ती सांगतो म्हणजे कुणी असलं काही करत असेल तर त्याची दोन वर्षं वाचतील. मी सरळ तक्ता केला: पात्राचं नाव, मधलं नाव, जन्म, हुद्दा. कर्क म्हणजे एंटरप्राइज या जहाजाचा कॅप्टन, त्याच्या मधल्या नावाला 'टी'. मग 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' परत बघितला तर त्याचा मित्र त्याच्यासाठी जी समाधी तयार करतो त्या दगडावर स्वच्छ 'जेम्स आर. कर्क'. टी म्हणजे टायबेरियस हे तर मूळ मालिकेत कुणी म्हणतच नाही, ते आलं १९७४च्या कार्टून एपिसोडात. आणि ते कार्टून धरायचं का नाही यावर लोकांनी वर्षानुवर्षं डोकी फोडलीत.

बरं हे एक अक्षर झालं. मालिका घडते तरी कुठल्या शतकात? जहाजात झोपवून ठेवलेला खान सापडतो त्या एपिसोडात हिशोब होतो की तो दोनेक शतकं झोपला होता, आणि तो १९९०च्या दशकातला, म्हणजे बाविसाव्या शतकाचा शेवट. 'स्क्वायर ऑफ गॉथॉस' मध्ये तो चक्रम ट्रेलेन नेपोलियनच्या काळातली पृथ्वी बघत बसलेला असतो आणि एंटरप्राइजवाले त्याला सांगतात की बाबा तू बघतोयस ते नऊशे वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे थेट अठ्ठाविसावं शतक! पक्कं इसवी सन पडद्यावर आलं ते १९८८ साली, नेक्स्ट जनरेशनच्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडात, २३६४. त्या एका आकड्यावरून पुढे-मागे मोजत मोजत मालिकेच्याच टीममधल्या मायकेल आणि डेनिस ओकुडांनी १९९३ साली अख्खी कालगणना छापली. ती अधिकृत असली तरी पडद्यावर जे म्हटलं गेलं ते काही पुसलं जात नाही ना.

मग तिसऱ्या वर्षी सगळं मोडलं. आता माझ्याकडे 'खरं काय' असा कॉलमच नाही. एक ओळ म्हणजे एक विधान. कुणी म्हटलं किंवा कशावर लिहिलेलं दिसलं, कुठल्या एपिसोडात, कितव्या मिनिटाला. 'कर्क, मधलं नाव' उघडलं की दोन्ही ओळी दिसतात, निवाडा तुम्ही करा. वहीतल्या नोंदीही तशाच, 'मामा म्हणतो' म्हणून.

हे सगळं छान चाललंय. फक्त शोध चालत नाही. कर्कचा सहकारी स्पॉक टाकला तर स्पॉक येतो, पण त्याच्याबरोबर जिथे जिथे मी "हे सोपे की ते" असलं काही लिहिलंय त्या सगळ्या नोंदी येतात. डेटा (नेक्स्ट जनरेशनमधला यंत्रमानव) टाकलं तर 'डोंट'. तीन महिने झाले. वाचवा.

तिरफळ

पयली हजेरी! आयडी लाल सदरा घेतलाय म्हणजे मालिकेतल्या लाल सदरेवाल्यांसारखे तुम्हीही पहिल्याच ग्रहावर उतरल्या उतरल्या मरणार हे नक्की :D

"वाईट नाही. आई आहे." साष्टांग दंडवत मामांना.

शंकेखोर

उत्साह दांडगा आहे, मान्य. पण मेमरी अल्फा हा नेटवरचा स्टार ट्रेक विकी असताना हे कशाला? २००३ पासून जगभरातले लोक मिळून लिहितायत, एकेका पात्राच्या पेल्यात काय होतं इथवर माहिती आहे. एकट्याने सात वर्षं घालवून त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि मराठीत स्टार ट्रेक वाचणारे आहेत किती, तुम्ही, तुमचे मामा आणि मी.

लाल सदरा

@शंकेखोर, तीन झालो की! पहिल्या वर्षी एकच होतो.

मेमरी अल्फाशी स्पर्धा नाहीच हो, मी स्वतः दिवसातून दहा वेळा तिथे जातो. पण तिथला लेख वाचताना तो एकसंध होऊन समोर येतो, परस्परविरोधी गोष्टी खाली तळटीपेत. मला उलटं हवं होतं, आधी भांडण दिसावं. शिवाय मामाकडे नेट म्हणजे कधी आहे कधी नाही, आणि इंग्रजी लांबलचक वाचायचा त्याला कंटाळा येतो आता, डोळे पण.

फ्रीमाँटची मावशी

लाल सदरा, खूप छान वाटलं वाचून. मी इकडे ८९ साली आले तेव्हा नेक्स्ट जनरेशन चालू होतं आणि नवऱ्याच्या लॅबमधली सगळी मुलं आमच्या अपार्टमेंटमध्ये जमायची, मी पोहे करायचे आणि मागे उभं राहून बघायचे. सुरुवातीला काही कळायचं नाही.

तुमच्या मामांच्या वहीवरून आठवलं म्हणून सांगते. तुम्ही जे करताय ते स्टार ट्रेकमध्ये सगळ्यात आधी बायकांनी केलंय, आणि तेही कॉम्प्युटरशिवाय. डोरोथी जोन्स नावाच्या एका चाहतीने मालिका चालू असतानाच टीव्हीसमोर बसून टिपणं काढायला सुरुवात केली, त्या काळी व्हीसीआर कुठला, एपिसोड एकदा गेला की रिपीट होईपर्यंत वाट बघायची. त्यावरून बीजो ट्रिंबल यांनी १९६९ साली 'स्टार ट्रेक कॉनकॉर्डन्स' घरच्या घरी छापून काढला. पात्रं, ग्रह, यंत्रं, सगळं अकारविल्हे. ह्याच त्या बीजो ज्यांनी नवऱ्याबरोबर एनबीसीला पत्रं पाठवायची मोहीम चालवली आणि मालिकेला तिसरा सीझन मिळाला, मार्च १९६८ मध्ये चॅनेलला टीव्हीवर जाहीर सांगावं लागलं की मालिका परत येणार आहे, कृपया पत्रं थांबवा.

१९७६ मध्ये ते पुस्तक मोठ्या प्रकाशकाने काढलं. माझ्याकडे त्याची प्रत आहे, एका लायब्ररीच्या सेलमध्ये मिळाली. त्याच्या कव्हरवर पुठ्ठ्याची एक चकती आहे, ती बोटाने फिरवायची म्हणजे कुठला एपिसोड कुठल्या पानावर ते कळतं. माझ्या प्रतीतली चकती आता सैल झालीय, मध्येच आपोआप फिरते आणि चुकीचं पान दाखवते. तुमचा सर्च पण तसाच दिसतोय :)

तिरफळ

मावशी, एकदम शेवटी टोला!

कंपायलर काका

लाल सदरा, बग सापडला. तुम्ही एसक्यूलाइटची शोधयंत्रणा एफटीएस५ वापरताय आणि तिचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, डिफॉल्टवर ठेवलाय, बरोबर?

तो डिफॉल्टवाला फक्त अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग समजतो. युनिकोडमध्ये आपले काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे 'अक्षर' या वर्गात नाहीत, 'मार्क' या वर्गात आहेत. त्यामुळे तो प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तोडतो, जसा काही तिथे स्वल्पविरामच आहे. स्पॉक म्हणजे स, मग हलन्त, मग प, मग ऑ ची खूण, मग क. त्याच्या लेखी हे तीन शब्द झाले: स प क. आता 'सोपे की' चं काय होतं बघा. स प क! डेटा म्हणजे ड ट, डोंट म्हणजे ड ट. प्रोग्राम त्याच्या परीने बरोबरच सांगतोय.

उपाय एका ओळीचा आहे. तक्ता बनवताना टोकनायझरला कॅटेगरीज असा पर्याय देता येतो, त्यात एमएन आणि एमसी हे 'मार्क'चे दोन वर्ग वाढवा आणि इंडेक्स परत बांधा. हिंदी, मराठी, नेपाळी, सगळ्यांना हा एकच फटका बसतो आणि सगळेजण तीन-तीन महिने घालवतात. मी चार घालवले होते.

लाल सदरा

काका!!! कुठल्या गावचे तुम्ही, येऊन पाया पडतो. इंडेक्स परत बांधला, अकरा सेकंद लागले, स्पॉक टाकला की फक्त स्पॉक. तीन महिने मी 'सोपे की' हे शब्दच नोंदींमधून काढत बसलो होतो...

पण आता नवीनच. 'ताऱ्यांचा' शोधलं तर अर्ध्याच नोंदी येतात. बाकीच्यांमध्ये तो शब्द डोळ्याला दिसतोय तरी येत नाहीत.

कंपायलर काका

हा आपला घरचा रोग. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. तुम्ही मध्येच कधीतरी कीबोर्ड बदलला असणार. तसंच 'ॲडमिरल', एक अख्खा ॲ आणि एक अ वर चंद्र ठेवलेला. साठवायच्या आधी आणि शोधायच्या आधी, दोन्हीकडे सगळं एकाच रूपात आणून घ्या. आणि ते न दिसणारं चिन्ह उडवताना बेताने, आधी ऱ्या बदला मग चिन्ह उडवा, उलट केलंत तर 'ताऱ्यां'चं 'तार्यां' होऊन बसेल. मी वर एवढे ऱ्या टाइप केलेत त्यातले किती कुठल्या जातीचे ते मलाही माहीत नाही.

लाल सदरा

मी कीबोर्ड २०२० मध्ये बदलला. तुम्ही ज्योतिषी आहात.

आगगाडी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक विचारू का, ट्रान्सपोर्टरला, म्हणजे माणसं क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या यंत्राला, मराठीत काय केलंय?

लाल सदरा

ट्रान्सपोर्टरच ठेवलंय. सुरुवातीला 'वाहक' केलं होतं. मग मामाने वाचलं, "स्कॉटी वाहकाजवळ उभा आहे", आणि म्हणाला एसटीत बसलाय का तो, सुट्टे पैसे मागतोय का. प्रकाशाहून जलद जायचा वॉर्पही वॉर्पच. भाषांतर फक्त जिथे आपल्याकडे शब्द आहे तिथे.

तिरफळ

चालक सुलू, वाहक स्कॉटी. एंटरप्राइज, मिरज-फलाट क्रमांक तीन :D :D

शंकेखोर

हसून झालं असेल तर एक गंभीर प्रश्न. कॉपीराइटचं काय? उद्या हे वाटायला लागलात आणि नोटीस आली तर?

लाल सदरा

याचा विचार केलाय, वकील नाही त्यामुळे चुकत असेन तर सांगा. संवाद मी देत नाही, फक्त स्वतःच्या शब्दात विधान, एपिसोड आणि मिनिट. चित्रं नाहीत, आवाज नाहीत. मेमरी अल्फावरून एक ओळही उचललेली नाही, तिथला मजकूर बिनव्यापारी वापरासाठी खुला आहे, नाव देऊन घेता आला असता, पण मग हे विधानांचं प्रकरणच कोसळलं असतं कारण मी स्वतः बघून मिनिट टिपलेलं नसणार.

फ्रीमाँटची मावशी

बरोबर करताय. इकडे २००८ साली हॅरी पॉटरच्या एका चाहत्याच्या कोशावरून न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला गाजला होता. वेबसाइट होती तोवर लेखिकेलाही ती आवडायची, पुस्तक छापायला काढलं तेव्हा बिनसलं. न्यायाधीशांनी छपाई थांबवली, पण कारण काय तर मूळ पुस्तकांतली वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी घेतली होती. संदर्भकोश काढणंच बेकायदेशीर आहे असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणून स्वतःच्या शब्दात लिहा आणि विकू नका.

शंकेखोर

ठीक. तूर्तास समाधान. वॉर्पचा वेग कसा दाखवता? कारण जुन्या मालिकेत एक, नव्यात दुसराच.

लाल सदरा

अरे देवा, तुम्हीच विचारणार होतात.

जुना हिशोब सोपा, वॉर्पचा घन करायचा. वॉर्प ६ म्हणजे प्रकाशाच्या २१६ पट. त्या काळात वरती मर्यादा नव्हती, 'दॅट विच सर्व्हाइव्ह्ज' मध्ये एंटरप्राइज १४.१ ला जाते आणि स्कॉटी एका अरुंद नळीत शिरून ते थांबवतो. नेक्स्ट जनरेशनला मालिकेचे जनक रॉडनबेरींनी ठरवलं की १० म्हणजे अनंत, त्याच्या पुढे काही नाही. मग वॉर्प ९ पर्यंत घनाऐवजी दहा-तृतीयांश घात, आणि ९ ते १० मध्ये तो आलेख ओकुडांनी चक्क हाताने वर ओढलाय, त्याला सूत्रच नाही. वॉर्प ६ झाला ३९२ पट. वॉर्प ८ जुन्यात ५१२, नव्यात बरोब्बर १०२४. दुप्पट! हे बघून मला उगाचच आनंद झाला होता.

प्रोग्राममध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात.

आगगाडी

मग व्हॉयेजर मालिकेत दूर भरकटलेल्या त्या जहाजाला घरी यायला ७५ वर्षं कशी लागणार होती? ७०,००० प्रकाशवर्षं भागिले ७५, म्हणजे ९३३ पट. तुमच्याच हिशोबाने हा वॉर्प ८ पेक्षाही कमी निघाला. आणि ते जहाज तर ९.९७५ ला जातं म्हणून मिरवतात. तांत्रिक पुस्तिकेत वॉर्प ९.९ ला ३०५३ पट दिलेत, त्या वेगाने २३ वर्षांत घरी.

लाल सदरा

तीन विधानं, तीन ओळी. मी कुणालाच खोटं पाडत नाही :)

शंकेखोर

ही पळवाट आहे. कोश म्हणजे उत्तर हवं. मुलगा विचारेल "बाबा, व्हॉयेजर किती वेगाने जातं" तर त्याला काय, तीन ओळी वाचून दाखवणार?

लाल सदरा

हो. माझ्या मुलीने विचारलं होतं ट्रिल लोक, म्हणजे ज्यांच्या पोटात दुसरा जीव राहतो ते, कसे दिसतात. १९९१च्या एपिसोडात त्यांच्या कपाळावर उंचवटे आहेत आणि ट्रान्सपोर्टरमधून गेले तर आतल्या जीवाला धोका. दोनच वर्षांनी डीप स्पेस नाइन आलं तर जॅडझिया डॅक्सला कपाळ सपाट, मानेवर ठिपके, आणि खुशाल ट्रान्सपोर्टरमधून ये-जा. खरं कारण असं की त्या नटीच्या चेहऱ्यावर ते कपाळ बरं दिसेना म्हणून मेकअप बदलला. मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या तर मुलगी म्हणाली म्हणजे दोन गावचे ट्रिल असतील, आपल्याकडे नसतात का. ती ओळ पण घातलीय मी. 'मुलगी म्हणते'.

@शंकेखोर, गंमत सोडा, मला तुमचं पटतं थोडं. खाली 'सर्वसाधारण मत' अशी एक ओळ देता येईल, वेगळ्या रंगात. पण ती वरती नाही द्यायची.

शंकेखोर

वेगळा रंग चालेल. निळा नको.

कंपायलर काका

नेक्स्ट जनरेशनचे एपिसोड १७६ धरले की १७८?

लाल सदरा

हाहा काका, पकडलंत. पहिला आणि शेवटचा मूळ प्रक्षेपणात दोन-दोन तासांचे, तसे धरले तर १७६, रिपीटला तोडून दाखवले तसे १७८. मी मूळ प्रक्षेपण धरतो पण तोडलेल्या भागाचाही क्रमांक शोधात सापडतो. ६६ सालचं तर त्याहून वाईट. आधी चित्रित झालेला एपिसोड तिसरा दाखवला, त्याचा स्टारडेट (मालिकेतली तारीख) १३१२.४, आणि सगळ्यात पहिला दाखवला त्याचा १५१३.१. स्टारडेटने लावा, प्रक्षेपणाने लावा, चित्रीकरणाने लावा, तीन बटणं दिलीत.

फ्रीमाँटची मावशी

एक राहिलं. बॅकअप कुठे ठेवता? विचारतेय कारण माझ्या भाच्याचं सगळं पीएचडी एका डिस्कवर होतं.

लाल सदरा

...लॅपटॉपवर. आणि पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत असतो.

फ्रीमाँटची मावशी

अरे! मेमरी अल्फा हे नाव कुठून आलं ते तरी आठवा. 'लाइट्स ऑफ झेटार', तिसरा सीझन. मेमरी अल्फा नावाच्या लघुग्रहावर फेडरेशनची, म्हणजे ग्रहांच्या संघाची, मध्यवर्ती लायब्ररी, सगळ्या ग्रहांचं सगळं ज्ञान एका जागी. आणि तिला संरक्षक ढाल नाही, का तर ती सगळ्यांना खुली, अभ्यासाची जागा, तिला ढाल शोभत नाही म्हणे. झेटारवाले आले आणि सगळं जळालं. तुम्ही सात वर्षांचं काम एका पिशवीत घेऊन लोकलने फिरताय.

तिरफळ

मावशींनी फेझर (स्टार ट्रेकमधली बंदूक) नुसतं बेशुद्ध करणाऱ्या 'स्टन'वर ठेवला नव्हता.

लाल सदरा

मावशी, ऐकलं. आज रात्री तीन ठिकाणी कॉपी केली, एक बहिणीकडे नाशिकला जाईल. मामाची वहीसुद्धा मोबाइलने पानन् पान फोटो काढून घेतली, एकशे बेचाळीस पानं भरलीत. काढताना एका पानात बसचं तिकीट सापडलं.

आगगाडी

व्हॉयेजरला पोचाल तेव्हा टॉर्पेडो मोजा ही नम्र विनंती. पहिल्याच सीझनमध्ये सांगतात की ३८ आहेत आणि संपले की नवीन मिळणार नाहीत. सात वर्षं फोडतायत. तुमच्या विधानवाल्या पद्धतीने एक टॉर्पेडो सुटला की एक ओळ, शेवटी नुसती बेरीज मारायची.

लाल सदरा

ही क्वेरी मी आधीच लिहून ठेवलीय, डेटा नाही अजून. ३९वी ओळ आली की प्रोग्राम भोंगा वाजवणार.

लाल सदरा

अपडेट. ०.७ आवृत्ती वर टाकलीय, ज्यांनी व्यनि केले होते त्यांना दुवा पाठवलाय. शोध नीट चालतो, ऱ्या आणि ॲ एकत्र आणले, सर्वसाधारण मत हिरव्या रंगात. मामाच्या नावांनीही शोधता येतं, 'केसाळ लाडू' टाका, ट्रिबल येईल.

काल मामाकडे जाऊन त्याच्या मशीनवर टाकून आलो. त्याने पहिलं काय शोधलं असेल तर 'शंकूसारखं यंत्र'. नोंद वाचली, चष्मा वर केला, म्हणाला "म्हणजे शेवटच्या सेकंदाला ट्रान्सपोर्टरने उचलला होय. मला वाटलं मेला." मी म्हटलं अरे पुढच्या रविवारी तो परत दिसला असेल ना. तर म्हणे पुढच्या रविवारचा आधीचा असेल असं वाटलं, ते कुठे क्रमाने दाखवायचे.

फ्रीमाँटची मावशी

तीन बटणं दिलीत ना त्यांना? स्टारडेटचं दाखवा.

कंपायलर काका

०.७ उतरवून बघितली. छान. एक बग असावा. 'लाईट गेली' असं शोधलं की तीन एपिसोड येतात, तिन्हींमध्ये जहाजावरची वीज जात नाही, मी तपासलं.

लाल सदरा

बग नाही काका. मिरजेत तीनदा गेली होती.